अर्धा राहिलेला धवला

मी भातसानगरला ब्लाऊज शिवते. नवरा, अमित, धरणावर ऑपरेटर आहे. कॉलनीत आम्हाला दोन खोल्या आहेत आणि पुढच्या खोलीत माझं मशीन. एका सकाळी वरच्या क्वार्टरमधल्या देवकीताई माप द्यायला आल्या. हात वर करून उभ्या होत्या, वर धरलेल्या हातातच फोन, आणि त्यात बघून इतक्या खिदळायला लागल्या की माझी टेप सरकली. "शीतल, हे बघितलंस का गं? मरशील हसून," म्हणत त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यात माझी आई होती.

ती माझी आई आहे हे देवकीताईंना ठाऊक नव्हतं. तरी मी कापड घडी करून त्यांच्या हातात दिलं आणि मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर दार लावून मी व्हिडिओचा तोच तुकडा माझ्या फोनवर शोधला. 'थांबेना आजी' असं नाव दिलं होतं कुणीतरी. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं रांगेने लावलेली. एका मुलीने तर आईची नक्कल केली होती. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, आणि प्रत्येक ओळ संपली की मान झटकन उजवीकडे. त्या मानेवर लोक सगळ्यात जास्त हसत होते.

टीव्हीवर 'टाळीवर टोला' नावाचा एक कार्यक्रम लागायचा, माझं लग्न व्हायच्या आधी. कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. नकला, गाणी, जादूचे प्रयोग, बायकांच्या वेषातले पुरुष, सगळं एकाच ताटात वाढलेलं आणि एकालाही चव नाही. दिवाळीत सुरू झाला आणि शिमग्याच्या आत गाशा गुंडाळला. लोक हसतच नव्हते, मग चालणार कसा? एकाच भागाला लोक पोट धरून हसले, आणि तो भाग माझ्या आईचा.

आमच्याकडे लग्न धवलारीण लावते. भटजी येतो, मंगलाष्टकं होतात, फोटो निघतात, सगळं होतं. पण हळदीपासून धवला गाणारी बाई नसेल तर जुनी माणसं त्याला लग्न म्हणत नाहीत. धवल्यात ती देवांना नावं घेऊन बोलावते. गावदेवी, वाघदेव, धान्याची देवी कणसरी, घरातले गेलेले. त्यांना मांडवात बसवते, नवरा-नवरीचं नाव-गाव त्यांच्या कानावर घालते. माझी आई, सकुबाई, मुरबाड तालुक्यातल्या आमच्या बाजूच्या सगळ्या गावांत धवलारीण म्हणून माहीत होती. तिच्या जोडीला ठकीमावशी असायची. आई ओळ टाकायची आणि ठकीमावशी ती झेलायची. झेलणारी नेहमी उजव्या हाताला बसते.

कार्यक्रमवाल्यांना आई मिळवून दिली संजूने. संजू माझा मावसभाऊ, तेव्हा बँजो पार्टी चालवायचा आणि कल्याणच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या मागे मागे फिरायचा. त्याने आईला सांगितलं, शेखर नावाचा मोठा कॉमेडी नट आहे, त्याचं लग्न टीव्हीवर लावणार आहेत, धवला तू म्हणायचास. गाडीत जागा एकीलाच होती, म्हणून ठकीमावशी मागे राहिली. आईने नवरीचं नाव-गाव विचारून घेतलं, घरची हळद आणि घरचे तांदूळ फडक्यात बांधून नेले. स्टेजवर मांडव घातलेला, नवरी डोक्यापासून पायापर्यंत पदरात गुंडाळलेली. आईने डोळे मिटून देव बोलावले. सगळे येऊन बसेपर्यंत शेखरने नवरीचा पदर वर केला, आणि खाली मिशीवाला सुनिल. त्याचा जोडीदार नट.

लोक बाकांवर लोळले. आईने डोळे उघडले, बघितलं, आणि थांबली नाही. गात राहिली. शेखर म्हणाला, बस आजी. ती गात राहिली. त्याने घड्याळ दाखवलं, जांभई दिली, खोटं घोरून दाखवलं. प्रत्येक ओळीला ती उजवीकडे मान वळवत होती, ठकीमावशी नसलेल्या जागी, आणि मग स्वतःच टाकलेली ओळ स्वतःच झेलत होती. शेवटी शेखरने माइक काढून घेतला आणि बँड वाजवला. पन्नाशीही न गाठलेली माझी आई, तिला आजी म्हणाले, आणि ताडपत्री उचलावी तशी दोघांनी खांद्याला धरून बाजूला नेली.

त्यानंतर तिने कुणाच्याच लग्नात धवला म्हटला नाही. माझ्याही नाही. मी एकुलती एक मुलगी, माझ्या हळदीला धवलारीण खुद्द घरात, आणि मांडवात डीजे लावला होता. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी समजले, गावाने तिला टोमणे मारून मारून मुकं केलं. सकू टीव्हीत गेली, आता तिला आपली लग्नं कशाला, असं बायका बोलायच्या ते मी कानाने ऐकलं होतं. त्या बायकांशी मी इतकी भांडले आहे, की माहेरच्या अर्ध्या आळीत अजून कुणी मला पाणी विचारत नाही. मला दुसरं काही नको होतं. माझी आई पुन्हा गायला हवी होती, आणि तिला गप्प करणाऱ्यांपैकी एक तरी माझ्या हाताला लागायला हवा होता.

देवकीताईंच्या त्या फोननंतर आठवडाभरात आईचा निरोप आला. संजू घरी आलाय, 'टाळीवर टोला'वाले परत यायचे म्हणतात, तू ये. मी शिवण तशीच टाकली, शहापूरला आले, किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी धरली आणि सगळ्या रस्त्यात संजूला काय काय बोलायचं ते जुळवत गेले.

तो पडवीत बसून चहा पीत होता. केस काळे केलेले, शर्ट फुलाफुलांचा.

"संज्या, तुला लाज कशी नाय रे वाटली हा उंबरा चढायला?"

"शीतल, आल्या आल्या नको ना सुरू होऊ," तो म्हणाला. "तुकडा जोरात चाललाय. ऑनलाइनवाले जुन्या शोचा खास भाग करतायत. शेखरसर, सुनिलसर, सगळे जुने लोक. ते बोलले, आजी नसली तर मजा नाय. हितंच येऊन शूटिंग करतील, मावशीला कुठं जायची गरज नाय."

"मजा? तिचा गळा तुमी बंद केला, आन् तुला मजा दिसते?"

"मला वाटलं व्हतं तिला ठावं आसंल. टीव्हीवर सगळं खोटंच आसतं, कोणाला ठावं नाय?"

"तिला ठावं नव्हतं. तू तिच्या तोंडावर बोललास, लग्न हाय."

तो आईकडे बघायला लागला. आई अंगणात वाल वाळत घालत होती. तिने हात झटकले आणि म्हणाली, "मी हो बोलले त्याला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय बोललीस?"

"हो बोलले. एकच सांगितलं. नवरा-नवरी तेच पायजेत. तवा जे बसलेले तेच."

"आये, तुला येड लागलंय का? परत हसतील तुला! तेवढ्यासाठीच येतायत ते!"

"हसू दे."

मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. संजूचा चहा सांडला एवढं खरं, आणि तो मोटारसायकल काढून गेला. शेजारची बाईजाकाकी भिंतीवरून डोकावली तर मी तिच्यावरही ओरडले, की याच गावाने माझ्या आईला वाळीत टाकल्यासारखं केलं, आता तमाशा बघायला बरे येता.

बाईजाकाकी काही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. "कोणी टाकलं गो तिला वाळीत? माझ्या कान्हाच्या लग्नाला मी सोता सुपारी घेऊन आलेली तुझ्या आयशीकडं. दोनदा. तिनंच परत लावली. अख्खं गाव येऊन गेलं, इच्चार तिला."

मी आईकडे बघितलं. ती वाल पसरत राहिली, आणि न बघताच बोलायला लागली.

"देव बोलावले व्हते मी तिथं. गावदेवीला बोलावलं, वाघदेवाला बोलावलं, तुझ्या बापाला बोलावलं. सगळे येऊन बसले. आन् पाठवायच्या आत त्यांनी मला उठवलं. बोलावलेल्याला पाठवल्याबिगर दुसऱ्या मांडवात कशी बोलवू गो? ते तिथंच बसलेत. त्या लाइटीखाली."

"मग तू कधी सांगितलं का नायस? माझ्या लग्नात तू तांदूळ निवडत बसलीस, मी अजून तेवढंच आठवून..." माझा आवाज फाटला. रागाने फाटला, रडू त्यात असेल तर मला माहीत नाही.

"सांगितलं आसतं तर तू त्यांच्याशी भांडायला गेली आसतीस मुंबईला. ते आनखी हसले आसते. तुला हसलेलं मला चाललं नसतं."

तिला हसलेलं मला चाललं असतं का, हे तिने कधी विचारलं नाही. इतकी वर्षं गावाशी, संजूशी, टीव्हीशी भांडण्यात मी जीव जाळला, आणि खरं कारण या अंगणात रोज झाडलोट करत होतं. मला तिचाही राग आला. सगळ्यात जास्त तिचाच.

शूटिंगवाले आले तेव्हा आम्ही मांडव घालून ठेवला होता. आईनेच घालायला लावला, आंब्याचे टहाळे, खरा मांडव. ठकीमावशी जाऊन पाच पावसाळे झाले असतील, तरी आईने उजव्या हाताला तिचा पाट मांडला. गाड्या आळीत मावत नव्हत्या. त्यांची दिग्दर्शक हर्षाली नावाची मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल, वाक्यागणिक ताई म्हणणारी. आळीतली सगळी माणसं कुंपणाला लागून उभी होती, आणि संजू त्यांना मागे सारत साहेबासारखा फिरत होता. शेखर आता जाड झाला आहे. सुनिल गाडीतूनच साडी नेसून उतरला, मिशी तशीच.

हर्षाली आईसमोर उकिडवी बसली. "आजी, तुम्ही गायला लागलात की शेखरसर मध्येच म्हणतील, बस झालं. पण तुम्ही थांबायचं नाही हं. काही झालं तरी थांबायचं नाही. लोकांना तेच आवडलंय."

"मी थांबनारच नाय," आई म्हणाली.

"परफेक्ट!" ती टाळी वाजवून उठली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईला जे पाहिजे होतं नेमकं तेच त्यांना हवं होतं, आणि ते हसायला हवं होतं. तिला धवला पुरा करायचा असेल तर तिने त्यांचा विनोद झालंच पाहिजे, दुसरी वाट नव्हती. मी पुढे झाले. कॅमेऱ्याची वायर आमच्याच पडवीतून ओढली होती, एक झटका पुरला असता. आईने माझ्याकडे बघितलं. लहानपणी देवघरात उष्टा हात घेऊन शिरले की बघायची तसं. मी मागे सरले.

तिने डोळे मिटले आणि जिथे तोडला होता तिथूनच धरला. ना नमन, ना सुरुवात. मधल्या इतक्या वर्षांत तिने एकदाही म्हटला नव्हता, पण कुठली ओळ राहिली हे तिला विचारावं लागलं नाही.

*बैसले गो देव मांडवाचे छायी,*
*कोणाचे गो बोलीने आले ते पायी*

आणि मान उजवीकडे. कुंपणाजवळ कुणीतरी फिस्सकन हसलं. आमच्याच आळीतलं. मोबाइलवर बघितलेली मान समोर बघायला मिळाली म्हणून.

शेखरने घड्याळ दाखवलं. जांभई दिली. "बस आजी, माझी नवरी म्हातारी झाली," म्हणाला, आणि सुनिलच्या मांडीवर डोकं टेकून घोरायला लागला. कॅमेरावाली पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. पुढची ओळ, आणि पुन्हा मान उजवीकडे, रिकाम्या पाटाकडे. आईचा दम आता पुरत नव्हता. टाकायची पण तिनेच आणि झेलायची पण तिनेच, आवाज चिरकत होता, आणि त्या चिरकण्यालाही ते हसत होते. मी ओरडले असते तर धवला मोडला असता. आयुष्यात पहिल्यांदा मला असं एक ठिकाण मिळालं होतं जिथे ओरडायला शंभर कारणं होती आणि ओरडायची सोय नव्हती.

मी जाऊन ठकीमावशीच्या पाटावर बसले. आईने ओळ टाकली, मान वळवली, आणि मी झेलली.

मला धवला येत नव्हता. शिकायलाच नको म्हणत आले होते मी, त्याच रागात. पण झेलायला यावं लागत नाही, आलेली ओळ तशीच परत द्यायची असते. मी ती रागाने परत दिली, दात आवळून, शेखरच्या तोंडाकडे बघत. आईचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला आणि तिचा श्वास जागेवर आला. "ताईला पण घ्या, दोघींना घ्या फ्रेममध्ये," हर्षाली कुजबुजली, ते मला ऐकू आलं. तिला वाटलं मजा वाढली. खरंच वाढली, आता थांबत नसलेल्या दोघी झाल्या होत्या, आणि कुंपणाजवळची माणसं उघड हसत होती. मला एखादी गोष्ट सांगायची असती तर मी म्हणाले असते, की आमचं गाणं ऐकून सगळे गप्प झाले. कुणी झालं नाही. फक्त सुनिलने शेखरचं डोकं मांडीवरून काढून ठेवलं आणि पदर सावरून नीट बसला. त्याबद्दल मी त्याला माफ वगैरे केलेलं नाही.

आई शेवटावर आली. एकेका देवाचं नाव घेऊन तांदूळ टाकत गेली.

*उठा गो देवांनू, मांडव झाला रिता,*
*आपुले वाटे जावा, आशीर्वाद देता*

गावदेवीला पाठवलं, वाघदेवाला पाठवलं, कणसरीला पाठवलं. माझ्या वडिलांचं नाव घेताना तिचा आवाज अजिबात हलला नाही, झेलताना माझाच हलला. मग तिने तांब्यातलं पाणी मांडवाबाहेर ओतलं आणि उठली.

शेखरने टाळ्या वाजवल्या. "आजी जिंकल्या, बाबा!" हर्षाली धावत आली. "आजी, कमाल! फक्त शेवटचा भाग अजून एकदा घेऊया? तांदूळ टाकतानाचा, जवळून."

"देव गेले," आई म्हणाली. "आता कोनासाठी म्हनू?"

"नाही म्हणजे, नुसतं करून दाखवा..."

तेव्हा मी तोंड उघडलं. धवला झाला होता, आता मला कुणाची आडकाठी नव्हती. वायर ओढली ती ओढलीच. शेखरला विचारलं, तुझ्या घरच्या लग्नात भटजीचा माइक काढून घेतलास का रे कधी? संजूला सांगितलं, या घरातलं पाणी तुला बंद. हर्षाली म्हणाली, ताई, पण आजी तर स्वतः हो म्हणाल्या. मी म्हटलं, ती देवांना हो म्हणाली होती, तुला नाही. कुंपणाजवळच्यांनाही सोडलं नाही. फिस्सकन कोण हसलं ते मला माहीत होतं, त्याच्या बापाच्या लग्नात कोण गायलं होतं ते मी त्याला नावानिशी ऐकवलं. ते हसत नव्हते आता. गाड्या मागे घ्यायला त्यांना फार वेळ लागला, आमची आळी अरुंद आहे, आणि तेवढा सगळा वेळ मी बोलत होते.

हे सगळंही कुणीतरी टिपलं असेलच. टाकू दे. 'थांबेना ताई' नाव देऊ दे.

अंगण रिकामं झाल्यावर मी आत आले. घसा बसला होता. आई चुलीपाशी नव्हती. ती मांडवात परत जाऊन बसली होती, आणि फडक्यात दुसरे तांदूळ बांधून घेतले होते.

"आता काय?" मी म्हटलं. "मांडव सोडायचा ना?"

"तुझं ऱ्हायलंय," ती म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी तिच्यावर जोरात खेकसले, की माझी पोरगी दहावीत गेली, माझ्या केसांत पांढरं आलं, आता कसलं लग्न लावतेस माझं? तेव्हा हवं होतं मला! तेव्हा मी रडले होते, डीजेच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नाही!

"मला गेलं व्हतं," आई म्हणाली. "बोलीव जावयाला. झेलायला बाईजाला आनते मी. तू नवरी, तुला नाय झेलता येनार."

मी अमितला फोन लावला. तो ड्युटीवर होता, मागे पाण्याचा आवाज येत होता.

"ताबडतोब मुरबाडला निघ," मी म्हटलं. "लग्न आहे."

"आज? कोणाचं?"

"आपलं," मी म्हटलं, आणि तो आणखी काही विचारायच्या आत त्याच्यावरही एकदा ओरडून घेतलं.